डोमाजी गुरुजींचे पावसाचे भांडे

पोस्टकार्ड आले तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत मला यंदा जुलैपासून विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली आहे. माझ्या वडिलांना लिहिता येत नाही. गावच्या शाळेतले जे पोर हाताशी सापडेल त्याला ओट्यावर बसवून ते पत्र सांगतात, आणि ते पोर ऐकू येईल तसे लिहीत जाते. या वेळचे अक्षर फारच लहान पोराचे होते, ओळी वर चढत गेलेल्या. 'रोवणी अर्धी झाली. मोठ्या बांधीत पाणी कमी आहे. तुझी माय बरी आहे. डोमाजी गुरुजी सोमवारी वारले. काळी म्हैस व्याली. पत्राचे उत्तर देणे.' सगळे एकाच दमात, एकाच शाईत. मी कार्ड उलटून पत्ता वाचला, जणू ते दुसऱ्या कोणासाठी असावे... मग शाळेत गेले आणि त्या दिवशीचे चारही तास घेतले. मुलींना काय शिकवले ते आठवत नाही.

त्याला आता दीड महिना होऊन गेला. गुरुजींना मोठी माणसे ओळखत नव्हती, त्यांच्यावर कोणी लिहिणार नाही. लिहायचे तर मीच लिहायला हवे, आणि मला लिहायचे आहे ते नुसते त्यांचे गुण नाहीत.

आमचे गाव तिरोड्याच्या बाजूला, चोरखमाऱ्याच्या मोठ्या तळ्यापासून कोसभर अंतरावर. गावाला स्वतःचेही एक जुने तळे आहे आणि सगळी धानाची शेती त्याच्या पाण्यावर. स्वातंत्र्य आल्याच्या पुढच्या वर्षी डोमाजी गुरुजी आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत आले. उंच, थोडे वाकलेले, पायात नेहमी एकाच प्रकारच्या टायरच्या चपला. त्यांचे घराणे तळी बांधणाऱ्यांचे. त्यांचा आजा म्हणे परातीत पाणी घेऊन जमिनीचा उतार पाहायचा आणि पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, कुठे घालायची ते काठीने आखून द्यायचा. गुरुजी सांगायचे, "माह्या आजाले सही करता येत नव्हती, पण त्याची पाळ कधी फुटली नाई. काऊन? तो अंदाजानं कधी बोलला नाई. पायलं तेवढंच सांगे."

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी रविवारची शाळा सुरू केली. सक्ती नाही, हजेरी नाही, येईल त्याने यावे. आठवड्याच्या शाळेत पाढे आणि कविता असत. रविवारी पुस्तक उघडायचे नाही असा नियम होता. चष्म्याच्या फुटक्या भिंगातून मुंगीचे पाय मोजायचे. खोक्याला सुईने भोक पाडून पलीकडच्या तेलकट कागदावर शाळेसमोरचे मोहाचे झाड उलटे पाडायचे. ते उलटे झाड पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्यातला सदू नावाचा मुलगा खोक्यामागे जाऊन खरे झाड सरळ आहे ना ते पाहून आला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "बराबर केलंस. दोन्ही कडून पायलं पायजे." आम्ही शेणामातीने अंगणात छोटे तळे बांधले, त्याला पाट काढले, आणि कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी आधी पोचते ते आकडे म्हणत मोजले. गावातली मोठी माणसे येता-जाता थांबत. "मास्तर, पोरायले चिखल खेळाले शिकवून राहिले का जी?" असे म्हणत, आणि मग तिथेच बसून पाट कसा चुकला आहे ते सांगत.

या सगळ्यात गुरुजींचे सर्वांत लाडके होते ते पर्जन्यमापक. गोंदियाच्या बाजारातून आणलेले टिनाचे नरसाळे, त्याखाली एक बाटली, ती बाटली एका डब्यात, आणि डबा शाळेच्या आवारात बांबूच्या कुंपणात. रोज सकाळी आठ वाजता बाटलीतले पाणी दुसऱ्या एका अरुंद बाटलीत ओतून मोजायचे. त्या बाटलीवर गुरुजींनी कागदाची पट्टी चिकटवून इंच आणि सेंटच्या, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागाच्या, रेघा काढल्या होत्या. मग वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. गावात त्याला कोणी पर्जन्यमापक म्हणत नसे. 'शाळेचं भांडं' म्हणत.

ते वाचायचे काम गुरुजींनी मला दिले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. कारण साधे होते. मी रोज त्याच वेळी आईबरोबर तळ्यावर पाण्याला जायची आणि वाट शाळेवरूनच होती. पण मला तो मोठा मान वाटला. वही देताना त्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या. पाहिले तेच लिहायचे. आणि एखाद्या दिवशी यायला जमले नाही, तर दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरायचे नाही, तिथे 'पाहिले नाही' असे लिहायचे. "पायलं नाई, हे लिहाची लाज नाई वाटू द्याची, देवका. ते बी खरंच असते." दर रविवारी ते मागच्या आठवड्याचे आकडे सर्वांसमोर मोठ्याने वाचत आणि शेवटी म्हणत, "वाचणार, देवका." नाटकातल्या मंडळींची नावे सांगावीत तसे. सगळी पोरे माझ्याकडे पाहत.

मी बारा वर्षांची होते त्या साली आषाढ कोरडा गेला. पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची रोपे, पिवळे पडू लागले. मग गावात धोंडी काढली. एका मुलाला कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाकून दारोदार नेतात आणि प्रत्येक घरातली बाई त्याच्या अंगावर पाणी ओतते, म्हणजे वरूनही तसेच पाणी पडावे. त्या वेळी गुरुजी गावात नव्हते. शिक्षकांच्या सभेसाठी तीन दिवस तिरोड्याला गेले होते. धोंडी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे थोडी भुरभुर आली, धूळ बसण्यापुरती. सकाळी तळ्यावरून पाणी भरून मी आईच्या मागून परत निघाले. वळणावर मला काटा टोचला म्हणून मी थांबले, आणि मान वर करून पाहते तर आई कुंपणापाशी उभी. तिने हात आत घालून गडव्यातले पाणी त्या नरसाळ्यात सावकाश ओतले, आणि हात जोडले.

मी धावत गेले. "माय, कायले टाकलंस?"

"धोंडीवर टाकलं, मंग याच्यावर काऊन नाई? हे तं रोजच पाण्यासाठी आ करून बसून राहते," आई म्हणाली. "रिकामं पाहून तुह्या गुरुजीचं तोंड उतरते. पुण्याचं काम हाये वो." आणि ती पुढे चालू लागली.

तिची काही चूक नव्हती. तिच्या लेखी ते पाऊस मागण्याचे भांडे होते. मोजायला ठेवलेले आणि मागायला ठेवलेले यांतला फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. मला सांगितला होता. मी पाणी मोजले. एक इंच चाळीस सेंट भरले. त्यात खऱ्या पावसाचे चार सेंट होते की सहा, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. त्या दिवशी 'पाणी ओतले गेले' असे लिहायला हवे होते, किंवा नुसते 'पाहिले नाही'. पण रविवारी ती ओळ सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. कोणी ओतले, असे गुरुजी विचारणार होते. आणि मग सगळी पोरे माझ्या आईला हसणार होती. मी वहीत लिहिले : १ इंच ४० सेंट.

रविवारी गुरुजी त्या ओळीवर थांबले. "एक इंच चाळीस?" त्यांनी पोरांकडे पाहिले. पोरे म्हणाली, भुरभुर आली होती गुरुजी, पहाटे आली होती, आम्ही झोपलो होतो. मग त्यांनी मला विचारले, "देवका, बाटलीत एवढं पानी तू स्वतः पायलं?"

"हो गुरुजी."

हे खोटे नव्हते. म्हणूनच ते मला इतके सहज बोलता आले असावे. गुरुजींचा चेहरा उजळला. "मंग ढग असन एवढाच, आपल्या शाळेएवढा," ते म्हणाले. "असे होते कधी कधी. पाहा, लिहून ठेवलं म्हणून समजलं." आणि पोरे खूश झाली, कारण पाऊस फक्त आमच्या शाळेवर पडला होता.

धान कापणी झाल्यावर वरच्या कचेरीतून एक साहेब आले. तहसिलीतल्या एका शाळेला विज्ञानाची पेटी मिळणार होती. तीत पितळी पर्जन्यमापक, उष्णतामापक, चुंबक, आणि एक सूक्ष्मदर्शक. शिवाय रविवारच्या वर्गासाठी एक खोली कायमची. गुरुजींनी दोन वर्षे अर्ज केले होते. आमच्यासारख्या गावातली पोरे हे काम नेमाने करू शकतात, याचा त्यांच्याजवळ एकच पुरावा होता, आमची वही. त्या दिवशी त्यांनी धुतलेले धोतर नेसले होते आणि आम्हां सर्वांना रांगेत बसवले होते. साहेब हिंदी मुलखातले, चांगले होते. त्यांनी खोक्यातले उलटे झाड पाहिले, सदूच्या पाठीवर थाप मारली. मग वही चाळता चाळता आपल्या जवळचा कागद काढून ते ताडून पाहू लागले, आणि थांबले.

"मास्टरजी, ये क्या है? उस रोज तो पूरी तहसील में पाँच-सात सेंट से ज़्यादा नहीं गिरा."

"इथे पडला असेल, साहेब."

"अकेले आपके स्कूल पर?" साहेब हसले. "बच्चे हैं, गलती हो जाती है. लिख दीजिए कि बच्ची से गलती हुई, बात ख़त्म."

एवढे म्हटले असते तर पेटी मिळाली असती, असे मला आजही वाटते. गुरुजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. त्यांच्या पाहण्यात प्रश्नही नव्हता. मी तोंड उघडायचे ते तेव्हाच. एक वाक्य पुरले असते. आई तळ्यावरून याच वेळी परतते, ती खिडकीतून दिसेल, पोरे तिच्याकडे बोट दाखवतील, एवढेच माझ्या मनात होते... गुरुजी साहेबांकडे वळून म्हणाले, "माझी पोरगी पाहिल्याशिवाय लिहीत नाही, साहेब. तिची चूक म्हणून मी लिहून देऊ शकत नाही."

"तो फिर गलती आपकी है," साहेब म्हणाले, आणि वही मिटून त्यांनी टेबलावर ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही.

पेटी दुसऱ्या गावी गेली. मास्तर घरी बसून आकडे भरतो असा शेरा कागदावर कुठेतरी पडला असावा, कारण उन्हाळ्यात हुकूम आला की सुट्टीच्या दिवशी शाळा उघडू नये. खोलीत बियाण्याची पोती आली. गुरुजी काही दिवस मोहाखाली वर्ग घेत राहिले. पण वर्ग बंद झाल्याचे सरकारनेच सांगितले म्हटल्यावर आईबाप पोरांना रविवारी कामाला नेऊ लागले. सदू, जो दोन्हीकडून पाहायचा, तो गोंदियाला धानाच्या गिरणीत पोती वाहू लागला. मागे एकदा तो मला स्टेशनवर भेटला होता. मी उलट्या झाडाची आठवण काढली. "कोणतं झाड वो?" तो म्हणाला. त्याला खरेच आठवत नव्हते.

त्या वर्गातली मी एकटीच शिकले, आणि तेही गुरुजींमुळे. चौथी झाल्यावर माझे लग्न ठरवण्याचे बोलणे चालले होते. गुरुजी आमच्या घरी आले, माझ्या वडिलांसमोर ओट्यावर बसले. मी दाराआड होते. "भाऊ, हुशार पोरी लय असतात," ते म्हणाले. "पण ही पोरगी खोटं लिहत नाई. असं लेकरू मी दुसरं पायलं नाई. हिले घरी बसवू नका." वडील म्हणाले, "तुमी म्हणता, तं जाऊ द्या." गोंदियाजवळ कुडव्याला माझे मामा राहत. त्यांच्याकडे मला ठेवायला गुरुजी स्वतः बैलगाडीत आणि मग रेल्वेत बसून आले, गोंदियाच्या शाळेत नाव घातले, आणि परतताना मला एक नवी वही दिली. त्या वहीत मी पुढे मॅट्रिकपर्यंतची गणिते केली. नागपूरला कॉलेजात गेले, प्रयोगशाळेत उभी राहिले, आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणी पदवी घेतली. मी आज जी काही आहे ती त्यांच्या त्या एका वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य खरे नव्हते. हे त्यांना ठाऊक नव्हते, मला होते.

सांगायचे मी दर सुट्टीत ठरवी. बारा वर्षांची असताना भीती आईची होती, पुढे ती माझी स्वतःची झाली. या जूनमध्ये निकाल लागल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा नक्कीच सांगायचे होते. गुरुजी थकलेले दिसले, पण फार आनंदात होते. पर्जन्यमापक त्यांनी शाळेतून उचलून आपल्या अंगणात आणले होते आणि रोज आठ वाजता स्वतः वाचत होते. त्यांनी मला विचारले, "कालेजात प्रयोग चुकला तं काय करता वो?"

"पुन्हा करतो, गुरुजी."

"हं... पावसाचं तसं नाई. तो दिवस गेला की गेला." मग जरा संकोचून ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात असं काही हाये का, एकाच जागी पडणाऱ्या पावसाचं? भेटलं तं आणून दे मले. लय दिवसाचं पाहून राहिलो."

मी हो म्हटले. पुस्तक शोधते म्हटले. पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात होता आणि ते त्यातला एकेक पेढा काढून शेजारच्या पोरांना देत होते, "आमची देवका बी. एस्सी. झाली" असे सांगत. मला वाटले, आज नको. पुढच्या वेळी.

कार्ड आल्यावर पहिल्या सुट्टीला मी गावी गेले. गुरुजींच्या पत्नींना आम्ही काकू म्हणतो. त्यांनी मला आत नेले आणि कोनाड्यातून एक गठ्ठा काढून समोर ठेवला. "तुह्याच कामाचं हाये. मले काय समजते." वर आमची जुनी वही होती, त्याखाली गुरुजींच्या हाताने भरलेल्या पुढच्या अकरा पावसाळ्यांच्या वह्या. एकही दिवस गाळलेला नाही. सर्वांत खाली एक पातळ वही वेगळी होती. तिच्या पहिल्या पानावर त्या आषाढातली माझी ओळ उतरवलेली होती, १ इंच ४० सेंट, आणि खाली त्या एका आकड्याचा शोध. शाळेच्या कौलावरून पाणी ठिबकले? नरसाळे त्याच जागी ठेवून चार भुरभुरींत तपासले, नाही. आदल्या दिवशीचे पाणी काढायचे राहिले? आदला दिवस कोरडा, नाही. पट्टीवरच्या रेघा चुकल्या? पुन्हा आखून पाहिल्या, नाही. एकाच गावावर पडलेला पाऊस : आजूबाजूच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलेली माहिती, पाने दोन. वेगवेगळी शाई, वेगवेगळी वर्षे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्या माणसाने आयुष्याची बारा वर्षे पायपीट केली होती. दुसऱ्याच पानावर एक ओळ होती, आणि तिच्यावर आडवी रेघ मारलेली होती. ती मी येथे आहे तशी देते.

'कोणी ओतले? — शक्य नाही. देवका तिथे होती. तिने पाहिले असते तर सांगितले असते.'

काकू विचारत होत्या, "काय लिवलं हाये वो?" मी म्हटले, पावसाचे आहे. त्या म्हणाल्या, "त्येच करत बसत."

घरी येऊन मी आईला सर्व सांगितले. ती चुलीपाशी बसली होती. साहेब, पेटी, शोध, हे तिला किती समजले मला माहीत नाही. चुलीतले लाकूड पुढे सारून ती म्हणाली, "तेव्हा काऊन नाई सांगितलंस? हसले असते अना गप्प झाले असते लोक." तिला त्याचे काहीच वाटले नसते. बारा वर्षे मी जे झाकून ठेवले होते, ते तिला झाकायचेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गुरुजींच्या अंगणात गेले. ते गेल्यापासून भांड्याला कोणी हात लावला नव्हता. रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस, पाऊस मध्येच पडून गेलेला, मध्येच थांबलेला. बाटली भरून डब्यात वाहिली होती, डबा काठोकाठ भरून बाहेर वाहिला होता, पाण्यावर हिरवट साय धरली होती आणि आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. कोणत्या दिवशी किती पडला हे आता सांगता येणार नव्हते. सगळे एकमेकांत मिसळले होते. मी डबा रिकामा केला, बाटली राखेने घासली, नरसाळे पुसून पुन्हा बसवले. मग काकूंकडून या वर्षीची वही मागून घेतली. शेवटची ओळ गुरुजींच्या हातची, रविवारची, ३२ सेंट. त्याखाली सोमवारपासून मी एकेक तारीख घातली आणि प्रत्येक तारखेसमोर लिहीत गेले. पाहिले नाही. पाहिले नाही. पाहिले नाही. पान संपले, उलटून पुढच्या पानावर लिहिले. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "आता उद्यापासून कोन पाहील?"

माझी गाडी दुपारची होती.